संगणकजालाचें जनरल रजिस्टर

शाळेच्या कचेरींत हजेरीपट, फीचीं पावतीपुस्तकें, गुणपत्रकें अशीं अनेक दफ्तरें असतात. परंतु त्या सर्वांत अधिक मान असलेलें दफ्तर म्हटलें म्हणजे जनरल रजिस्टर होय. मुलगा शाळेंत दाखल झाला कीं त्यांत त्याचें नांव चढतें आणि नांवाबरोबर एक क्रमांक पडतो. तो क्रमांक पुढें दुसऱ्या कोणासही मिळत नाहीं. मुलगा वरच्या वर्गांत गेला, त्याची तुकडी बदलली, किंबहुना तो शाळा सोडून गेला, तरी ती ओळ खोडीत नाहींत. फक्त तीपुढें शाळा सोडल्याची तारीख व कारण लिहितात. शाळा सोडल्याचा दाखला ह्याच ओळीवरून तयार होतो, आणि पुढें जन्मतारखेविषयीं वाद निघाल्यास ह्याच ओळीकडे बोट दाखवितात. म्हणूनच त्यांत लिहिण्याचा अधिकार एकदोघांसच असतो.

ज्या शाळेंत, इस्पितळांत किंवा पेढींत पुष्कळ संगणक एकमेकांस जोडलेले असतात, तेथेंही असेंच एक रजिस्टर ठेवावें लागतें. त्यास डिरेक्टरी सर्व्हिस असें म्हणतात. प्रस्तुत लेखांत आम्ही त्यास निर्देशिका म्हणूं. ह्या दोहोंत साम्य पुष्कळ आहे, पण एक भेद फार महत्त्वाचा आहे. कागदाचें रजिस्टर केवळ साक्ष देतें. निर्देशिका साक्ष देते आणि त्याच क्षणीं दारही उघडते. जनरल रजिस्टरांत एखादी चूक राहिली, तर ती दुरुस्त करीपर्यंत बहुधा कोणाचें नुकसान होत नाहीं. निर्देशिकेंत चूक राहिली, तर एक दार उघडें राहतें, आणि तें उघडें असल्याचें घरच्या माणसांच्या आधीं चोरास कळतें. म्हणून ही निर्देशिका कशी चालते व ती नीट कशी ठेवावी, हें आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावें, आणि ज्यांच्या मुलांचीं नांवें तींत चढतात त्या पालकांनींही थोडें जाणून घ्यावें, असें आम्हांस वाटतें.

१. निर्देशिका कां हवी

समजा, एका हायस्कुलांत ६०० विद्यार्थी, ३० शिक्षक व ४० संगणक आहेत. प्रत्येक संगणकानें वापरणाऱ्यांची आपली स्वतंत्र यादी ठेवावयाची म्हटलें, तर कोणासही कोणत्याही यंत्रावर बसतां यावें एवढ्यासाठीं ६३० नांवें ४० ठिकाणीं, म्हणजे २५,२०० वेळां, लिहावीं लागतील. एका मुलीनें आपला परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, बदलला तर तो चाळीस ठिकाणीं बदलावा लागेल. एक शिक्षक नोकरी सोडून गेले, तर त्यांचें नांव चाळीस यंत्रांवरून काढावें लागेल. एकोणचाळीस यंत्रांवरून काढलें आणि एकावर राहिलें, तर न काढल्यासारखेंच झालें.

ह्यावर उपाय एकच: यादी एका ठिकाणीं ठेवावी, आणि प्रत्येक यंत्रानें तिला विचारून मग माणसास आंत घ्यावें. ही कल्पना एका दिवसांत सिद्धीस गेली नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेंत इ. स. १९६१ मध्यें फर्नांडो कॉर्बातो ह्यांच्या नेतृत्वाखालीं अनेकांनीं एकच यंत्र वापरण्याची पद्धति प्रथम दाखविण्यांत आली. तींत प्रत्येकास आपआपला परवलीचा शब्द देण्याची चाल पडली. पुढें यंत्रें वाढलीं, त्यांचीं जाळीं झालीं, आणि इ. स. १९८८ मध्यें एक्स ५०० नांवाचें निर्देशिकेचें आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलें. तें लहान यंत्रांस फार अवजड पडे, म्हणून इ. स. १९९३ च्या सुमारास मिशिगन विद्यापीठांत त्याची एक सुटसुटीत पद्धति तयार झाली. तिला एल्‌डॅप म्हणतात. फेब्रुवारी २००० मध्यें मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज २००० बरोबर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी प्रसिद्ध केली, आणि कचेऱ्यांतून हिचाच प्रसार फार झाला. पुढील विवेचन आम्ही तिलाच धरून करितों. ज्या संस्थांस खर्च झेपत नाहीं त्यांच्यासाठीं सांबा नांवाची विनामूल्य प्रणाली आहे. डिसेंबर २०१२ मध्यें निघालेल्या तिच्या ४.० ह्या आवृत्तीपासून तीही अशी निर्देशिका चालवूं शकते.

एका निर्देशिकेच्या हुकमतींतील माणसें व यंत्रें मिळून जो समूह होतो त्यास डोमेन म्हणतात, आणि जो सर्व्हर ती निर्देशिका आपल्यापाशीं ठेवितो त्यास डोमेन कंट्रोलर म्हणतात. शहाणी संस्था असे निदान दोन सर्व्हर ठेविते. एकावर केलेला फेरफार आपोआप दुसऱ्यावर उतरतो, आणि एक बंद पडला तरी दुसरा काम चालवितो.

२. खातें: माणसाची ओळख

निर्देशिकेंत प्रत्येक माणसाचें एक खातें असतें. त्यांत त्याचें नांव, वर्ग किंवा हुद्दा, लॉग ऑन करण्याचें नांव वगैरे माहिती असते. परवलीचा शब्द मात्र तसाचा तसा लिहून ठेवीत नाहींत; त्यावर एक गणिती क्रिया करून तिचें फळ तेवढें ठेवितात. त्या फळावरून मूळ शब्द उलट गणितानें काढतां येत नाहीं. परंतु शब्द जर सोपा असेल, तर चोर अनेक शब्दांवर तीच क्रिया करून फळ जुळतें का हें पाहूं शकतो; म्हणून शब्द लांब असणें अवश्य आहे.

खात्याचा खरा प्राण म्हणजे त्याचा सुरक्षा-क्रमांक. खातें उघडलें कीं डोमेन त्यास एक क्रमांक देतें, आणि तो क्रमांक त्या डोमेनमध्यें पुन्हां कोणासही मिळत नाहीं. जनरल रजिस्टरासारखाच हा प्रकार झाला. एखाद्या फोल्डरवर "ह्यास वाचण्याची परवानगी आहे" अशी नोंद करितात, तेव्हां यंत्र नांव लिहीत नाहीं, तर हा क्रमांक लिहितें. ह्यापासून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही कीं, एखाद्या शिक्षिकाबाईंचें लग्नानंतर आडनांव बदललें, तर निर्देशिकेंत नांव बदलावें; क्रमांक तोच राहतो व त्यांचे सारे अधिकार जसेच्या तसे राहतात. दुसरी गोष्ट नवशिक्यास चकविणारी आहे. कोणाचें खातें चुकून पुसून टाकलें आणि त्याच नांवाचें दुसरें उघडलें, तर माणसाच्या दृष्टीनें तें तेंच असतें; यंत्राच्या दृष्टीनें मात्र तो परका असतो. क्रमांक नवा पडल्यामुळें जुनें एकही दार त्यास उघडत नाहीं.

म्हणून नियम असा कीं, माणूस गेला तर त्याचें खातें प्रथम बंद करावें, लगेच पुसूं नये. बंद केलेल्या खात्यानें कोणासही आंत येतां येत नाहीं, पण त्याची ओळ व त्याचा क्रमांक शाबूत राहतो. माणूस परत आल्यास तेंच खातें चालू करितां येतें. कांहीं महिन्यांनंतर, त्याचे कागद ज्याचे त्यास सोंपविल्यावर, मग पुसावें. चुकून पुसलें गेल्यास परत आणण्याची सोयही अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरींत आहे. परंतु ती अगोदर चालू करून ठेवावी लागते, आणि सामान्यतः तिची मुदत १८० दिवसांची असते.

आतां खात्याचा माणूस तोच आहे हें यंत्र कसें ओळखतें तें पाहूं. ह्या कामीं कर्बेरॉस नांवाची पद्धति वापरितात. ती मूळ वर सांगितलेल्या मॅसॅच्युसेट्स येथील संस्थेंत निघाली. ग्रीक पुराणांत पाताळाच्या दारावर बसणारा जो तीन तोंडांचा कुत्रा आहे, त्याचें नांव तिला दिलें आहे. सकाळीं परवलीचा शब्द देऊन लॉग ऑन केलें कीं डोमेन कंट्रोलर एक सांकेतिक तिकीट देतो. पुढें फोल्डर उघडावयाचा असो वा प्रिंटरवर छापावयाचें असो, हें तिकीट दाखवून त्या त्या कामाचें वेगळें तिकीट घ्यावयाचें; परवलीचा शब्द पुन्हां पुन्हां जाळ्यावरून पाठवावा लागत नाहीं. मूळ तिकिटाची मुदत सामान्यतः दहा तासांची असते. तिकिटावर वेळेचा शिक्का असल्यामुळें दोन यंत्रांच्या घड्याळांत पांच मिनिटांहून अधिक अंतर पडलें, तर तें नाकारलें जातें. परवलीचा शब्द बरोबर असूनही यंत्र आंत घेईना, तर प्रथम घड्याळ पाहावें.

३. गट: अधिकार कोणाच्या हातीं

खातें म्हणजे "हा कोण?" ह्या प्रश्नाचें उत्तर. "ह्यास काय करितां येईल?" हा दुसरा प्रश्न, आणि त्याचें उत्तर गटांत आहे. नवीन व्यवस्थापक परवानगी थेट माणसास देतो. जाणता व्यवस्थापक ती गटास देतो आणि माणसास गटांत घालतो. प्रथमदर्शनीं ह्यांत एक पायरी वाढलेली दिसते. पण हिशेब करून पाहा. नववीस शिकविणारे १२ शिक्षक आहेत आणि त्यांच्या कामाचे ५ फोल्डर आहेत. माणसागणिक परवानगी दिली तर ६० नोंदी होतात, आणि नवा शिक्षक आला कीं पांच फोल्डर शोधून पांच नोंदी वाढवाव्या लागतात. "नववीचे शिक्षक" असा गट केला तर नव्या शिक्षकासाठीं एकच नोंद पुरते. शिक्षक नववी सोडून दहावीकडे गेले, तर एका गटांतून काढून दुसऱ्यांत घालावें. फोल्डरास हात लावण्याचें कारणच नाहीं.

मोठ्या संस्थेंत गटांचे दोन थर करितात. पहिल्या थरांतील गट "कोण" हें सांगतात: नववीचे शिक्षक, कचेरींतील कारकून, ग्रंथालयाचे सेवक. दुसऱ्या थरांतील गट "काय" हें सांगतात: गुणनोंदी वाचणें, गुणनोंदी लिहिणें. माणसास पहिल्या थराच्या गटांत घालावें, तो गट दुसऱ्या थराच्या गटांत घालावा, आणि फोल्डरवर परवानगी फक्त दुसऱ्या थराच्या गटास द्यावी. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरींत पहिल्या थरास सामान्यतः ग्लोबल आणि दुसऱ्यास डोमेन लोकल जातीचे गट वापरितात. अशी मांडणी असली म्हणजे मुख्याध्यापकांनीं "गुण कोणकोणास बदलतां येतात?" असें विचारतांच एका गटाची यादी काढून त्यांच्यापुढें ठेवितां येते. ज्या शाळेंत ह्या प्रश्नाचें उत्तर देतां येत नाहीं, त्या शाळेच्या गुणपत्रकावर पालकांनीं विश्वास कशाच्या बळावर ठेवावा?

गटांविषयीं दोन सूचना ध्यानांत ठेवाव्या. गटांत नवें नांव घातल्यावर त्या माणसानें एकदां लॉग ऑफ करून पुन्हां लॉग ऑन केलें पाहिजे. कारण तो कोणत्या गटांत आहे हें तिकिटावर लॉग ऑन करतेवेळीं लिहिलें जातें. दुसरी सूचना अशी कीं, गटाच्या पोटांत गट असल्यामुळें अधिकार कधीं कधीं दृष्टीआड होतो. वरच्या यादींत दोनच नांवें दिसतात, पण त्यांतलें एक नांव गटाचें असतें व त्याच्या आंत वीस माणसें निघतात. म्हणून यादी तपासतांना गटाच्या पोटांत शिरून ती शेवटपर्यंत तपासावी.

४. संगणकालाही खातें असतें

पुष्कळांस हें ठाऊक नसतें कीं, निर्देशिकेंत माणसाप्रमाणें प्रत्येक संगणकाचेंही खातें असतें. त्याच्या लॉग ऑनच्या नांवाच्या शेवटीं डॉलरचें चिन्ह असतें, त्यास स्वतःचा सुरक्षा-क्रमांक असतो आणि परवलीचा शब्दही असतो. हा शब्द कोणाही माणसास ठाऊक नसतो. यंत्र सामान्यतः दर ३० दिवसांनीं तो आपण होऊन बदलतें आणि डोमेन कंट्रोलरास कळवितें. मे महिन्याच्या सुट्टींत प्रयोगशाळा बंद राहिली तर सारीं यंत्रें डोमेनमधून बाहेर पडतील, अशी भीति कोणी कोणी बाळगितात. ती खरी नव्हे. शब्द बदलण्याचा आरंभ यंत्राकडून होतो. यंत्र बंद असेल तोंवर जुनाच शब्द दोन्हीकडे राहतो. मात्र यंत्र बिघडल्यामुळें कोणीं त्यावर तीन महिन्यांपूर्वींची जुनी प्रत उतरविली, तर यंत्रापाशीं जुना शब्द व निर्देशिकेंत नवा, असें होऊन दोघांची ओळख तुटते. तेव्हां तें नातें पुन्हां जोडून द्यावें लागतें.

आणखी एक गोष्ट. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरींत मूळच्या मांडणीप्रमाणें कोणाही साध्या खात्यास दहा संगणक डोमेनमध्यें आणण्याची मुभा असते. ही संख्या शून्य करून तें काम नेमल्या माणसाकडेच ठेवावें. कोण कोणतें यंत्र आंत आणतो हें शाळेस कळलें पाहिजे.

माणसांचीं व यंत्रांचीं खातीं नीट लावून ठेवण्यासाठीं निर्देशिकेंत शाखा पाडितात. त्यांस ऑर्गनायझेशनल युनिट असें नांव आहे. गट आणि शाखा ह्यांत विद्यार्थ्यांचा नेहमीं घोंटाळा होतो, म्हणून आपल्या शाळेचेंच उदाहरण घेऊं. एक मुलगा एका वेळीं एकाच तुकडींत बसतो; पण तो बालवीर पथकांत, गायनमंडळांत व खोखोच्या संघांत, अशा तिन्हीं ठिकाणीं असूं शकतो. तुकडी ही शाखा, आणि पथक, मंडळ व संघ हे गट. खातें एका वेळीं एकाच शाखेंत असतें, गटांत मात्र अनेक. गटास परवानगी देतात. शाखेस नियम लावितात.

हे नियम ग्रूप पॉलिसी ह्या नांवानें लावितात. "प्रयोगशाळेंतील यंत्र दहा मिनिटें स्वस्थ राहिलें तर पडदा बंद व्हावा", "विद्यार्थ्यांस नवा प्रोग्राम चढवितां येऊं नये", असे नियम एकदां शाखेस लावले कीं त्या शाखेंतील सर्व यंत्रांस किंवा माणसांस लागू होतात. यंत्र सुरू होतांना, माणूस लॉग ऑन करतांना, आणि त्यापुढें सुमारें दर ९० मिनिटांनीं यंत्र ते नियम पुन्हां वाचतें. सर्व यंत्रांनीं एकाच क्षणीं गर्दी करूं नये म्हणून त्यांत अर्ध्या तासापर्यंत भर पडते. येथें एक गोम आहे. नवें यंत्र डोमेनमध्यें आणलें कीं तें प्रथम "कॉम्प्युटर्स" नांवाच्या एका सामान्य खणांत पडतें. तो खण शाखा नव्हे, त्यास थेट नियम लावितां येत नाहींत. यंत्र तेथून उचलून प्रयोगशाळेच्या शाखेंत ठेवलें नाहीं, तर दिसावयास तें इतरांसारखेंच दिसतें, पण प्रयोगशाळेचे नियम त्यास लागत नाहींत.

५. अधिकार कामापुरता

इ. स. १९७५ मध्यें जेरोम साल्ट्झर व मायकेल श्रोडर ह्या दोन विद्वानांनीं संगणकांतील माहितीच्या रक्षणाविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत सांगितलेल्या तत्त्वांपैकीं एक असें कीं, प्रत्येक माणसास व प्रत्येक प्रोग्रामास त्याचें काम होण्यापुरताच अधिकार असावा, अधिक नसावा. हा माणसाच्या प्रामाणिकपणाविषयींचा संशय नव्हे. प्रामाणिक माणसाचाही परवलीचा शब्द चोरीस जातो. आणि चोराच्या हातीं किती दारें पडतील हें, त्या माणसास किती दारें दिलेलीं होतीं ह्यावर ठरतें.

तेव्हां सर्वाधिकारी गट, म्हणजे डोमेन अ‍ॅडमिन्स, ह्यांत दोनतीनच नांवें असावीं. ज्यांचीं नांवें त्यांत आहेत त्यांनींही दोन खातीं ठेवावीं: पत्रें वाचणें, टिपणें लिहिणें ह्यांसाठीं साधें, आणि निर्देशिकेच्या कामासाठीं वेगळें. वर्गशिक्षकास मुलांचे विसरलेले परवलीचे शब्द नवे करून द्यावयाचे असतील, तर त्यास आपल्या वर्गाच्या शाखेपुरता व तेवढ्याच कामापुरता अधिकार वांटून देतां येतो. त्यासाठीं सर्व किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातीं देण्याचें प्रयोजन नाहीं.

६. निष्काळजीपणाचीं दोन फळें

ह्या गोष्टी कोणास बारीकसारीक वाटतील, म्हणून दोन घडलेलीं उदाहरणें देतों. अमेरिकेंत कलोनिअल पाइपलाइन नांवाची सुमारें ५,५०० मैल लांबीची तेलवाहिनी आहे; पूर्व किनाऱ्यास लागणाऱ्या इंधनापैकीं सुमारें शेंकडा ४५ तींतून जातें. एप्रिल २०२१ च्या अखेरीस चोर तिच्या संगणकजालांत शिरले. ते शिरले तें दूरून आंत येण्याच्या एका जुन्या खात्यानें. तें खातें वापरांत नव्हतें, पण बंदही केलेलें नव्हतें, आणि परवलीच्या शब्दावांचून दुसरी कोणतीही खूण तें मागत नव्हतें. कंपनीनें ता. ७ मे रोजीं वाहिनी थांबविली. ती पुन्हां सुरू होण्यास ता. १२ उजाडली. मध्यंतरीं पेट्रोलसाठीं लोकांच्या रांगा लागल्या. कंपनीनें चोरांस ७५ बिटकॉइन, म्हणजे त्या वेळच्या भावानें सुमारें ४४ लाख डॉलर, खंडणी दिली. तिचा बराचसा भाग सरकारनें पुढें परत मिळविला. ज्याचा वापर सरला होता असें एक खातें वेळीं बंद झालें असतें, तर तें दार चोरांस सांपडलें नसतें.

दुसरें उदाहरण आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोंचलेलें आहे. ता. २७ जून २०१७ रोजीं युक्रेन देशांतील एका हिशेबाच्या प्रोग्रामाच्या द्वारें नॉटपेट्या नांवाचा विध्वंसक प्रोग्राम पसरला. तो ज्या यंत्रांत शिरे त्याच्या स्मृतींत राहिलेले परवलीचे शब्द चोरी, आणि त्यांच्या बळावर पुढच्या यंत्रांत शिरे. त्यांत एखाद्या व्यवस्थापकाचा शब्द सांपडला तर त्यास आडकाठीच राहत नसे. मेअर्स्क ह्या डॅनिश जहाजकंपनीचें जाळें त्यानें थोड्या वेळांत उद्ध्वस्त केलें. आमच्या महाराष्ट्रांतील न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांत त्या कंपनीच्या समूहाकडे असलेल्या धक्क्याचेंही काम त्यामुळें विस्कळीत झालें. ह्या कंपनीचे सुमारें १५० डोमेन कंट्रोलर होते व ते एकमेकांच्या प्रती ठेवीत. एक गेला तर दुसरा आहे, असा भरंवसा होता. परंतु सर्व एकदम पुसले गेले, आणि निर्देशिकेची निराळी राखून ठेवलेली प्रत कोठेंही सांपडेना. शेवटीं आफ्रिकेंतील घाना देशांत एक सर्व्हर शाबूत निघाला. हल्ल्यापूर्वीं तेथील वीज गेल्यामुळें तो जाळ्यापासून तुटला होता! त्याची तबकडी माणसाहातीं विमानानें इंग्लंडास नेली आणि तीवरून निर्देशिका पुन्हां उभी केली. कंपनीच्या अध्यक्षांनीं जानेवारी २०१८ मध्यें सांगितल्याप्रमाणें दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्यानें मांडावे लागले. ह्यावरून दिसतें कीं, एकमेकांशीं सतत जोडलेल्या दहा प्रती ह्या राखीव प्रती नव्हत. राखीव प्रत ती, जी जाळ्यापासून अलग काढून कुलपांत ठेविली आहे.

७. शाळेनें वर्षभर काय करावें

जून महिन्यांत प्रवेश पुरे होतांच जनरल रजिस्टरावरून नवीं खातीं उघडावीं; तोंडी सांगण्यावरून एकही उघडूं नये. लॉग ऑनच्या नांवांत रजिस्टराचा क्रमांक घातल्यास एकाच नांवाच्या दोन मुलींत घोंटाळा होत नाहीं. वरच्या वर्गांत गेलेल्यांच्या शाखा व गट त्याच आठवड्यांत बदलावे. जुना गट काढल्याविना नवा गट घालूं नये. नाहींतर दहावीस पोंचेपर्यंत मुलापाशीं पांच वर्गांच्या किल्ल्या गोळा होतात. दिवाळीच्या सुट्टीपूर्वीं जीं खातीं व जीं यंत्रें तीन महिन्यांत एकदांही निर्देशिकेपुढें आलीं नाहींत त्यांची यादी काढून चौकशी करावी. वार्षिक परीक्षेपूर्वीं गुणनोंदीचे गट मुख्याध्यापकांनीं स्वतः तपासावे. शाळा सोडल्याचा दाखला किंवा शिक्षकांचें सेवामुक्तीचें पत्र ज्या दिवशीं सहीस जाईल, त्याच दिवशीं खातें बंद व्हावें. आणि निर्देशिकेची राखीव प्रत घेऊन, ती परत उतरवितां येते कीं नाहीं हें वर्षांतून एकदां तरी करून पाहावें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमचा परवलीचा शब्द जिवलग मित्रासही देऊं नका. तुमच्या खात्यांतून जें होईल तें निर्देशिका तुमच्याच नांवावर लिहील. तुम्ही त्या वेळीं मैदानावर होतां ह्याची तिला खबर नसते. शब्द लांब घ्या. एकमेकांशीं संबंध नसलेले चारपांच शब्द जोडले तर तो ध्यानांत राहतो आणि ओळखावयास कठीण पडतो. ठराविक दिवसांनीं सक्तीनें शब्द बदलावयास लावूं नये, तो फुटल्याची शंका आल्यास मात्र तत्काळ बदलावा, असें अमेरिकन सरकारच्या मानकसंस्थेनें इ. स. २०१७ पासून सांगितलें आहे. पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलाचा दाखला घ्यावयास याल तेव्हां त्याचें शाळेंतील खातें बंद झालें का, आणि त्यांतील त्याचें लिखाण त्यास मिळालें का, हें दोन शब्दांत विचारावें. हा प्रश्न विचारला जातो असें कळलें म्हणजे कचेरीही तत्पर राहते.

अभ्यासार्थ प्रश्न

१. एका मुलाचें खातें पुसून त्याच नांवाचें नवें उघडलें, तरी त्याचा जुना फोल्डर त्यास कां उघडत नाहीं?

२. गट व शाखा ह्यांतील भेद आपल्या शाळेंतील दोन उदाहरणें देऊन सांगा.

३. एका शाळेंत ८ कारकून व ६ फोल्डर आहेत. माणसागणिक परवानगी दिल्यास किती नोंदी होतील? एक कारकून बदलून गेल्यास दोन्हीं पद्धतींत किती नोंदी काढाव्या लागतील?

४. सुट्टीभर बंद असलेलें यंत्र डोमेनमधून कां बाहेर पडत नाहीं, आणि जुनी प्रत उतरविलेलें यंत्र कां पडतें?

५. दीडशें डोमेन कंट्रोलर असूनही मेअर्स्क कंपनीपाशीं राखीव प्रत नव्हती असें कां म्हणावें लागतें?